रणांगणावरचा धडा महामार्गालाही हवा

जुन्नर तालुक्यातील पिंपरी पेंढार हे कल्याण-अहिल्यानगर महामार्गावर ओतूर आणि आळेफाट्याच्या मध्ये वसलेले गाव. भाजीपाल्याचे पिकअप, उसाच्या ट्रॉल्या, एसटी आणि दुचाकी यांची तिथे रात्रंदिवस ये-जा असते. अशा रस्त्यावर अपघात झाला की माणसे धावून येतात. कोणी १०८ला फोन लावतो, कोणी पाणी पाजतो, कोणी मोबाइलवर चित्रण करतो. जखमीच्या मांडीतून वाहणारे रक्त मात्र अनेकदा तसेच वाहत राहते. प्रौढ माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असते. मांडीची मोठी धमनी तुटली तर काही मिनिटांत प्राण जाऊ शकतो. तेवढ्या वेळात रुग्णवाहिका पोहोचणे अवघडच.

या पहिल्या काही मिनिटांत काय करायचे, हे वैद्यकशास्त्र रणांगणावर शिकले, तेही फार मोठी किंमत मोजून. शस्त्र बदलले की लढण्याची रीत बदलते, जखम बदलते आणि मग उपचारालाही बदलावे लागते. नेपोलियनच्या काळात घोड्यांनी ओढलेल्या हलक्या तोफा झपाट्याने जागा बदलत. ते पाहून दोमिनिक लॅरे या लष्करी शल्यविशारदाने तशाच हलक्या घोडागाड्या तयार करवल्या आणि लढाई चालू असतानाच जखमींना उचलून आणायला सुरुवात केली. त्याआधी जखमी बहुधा लढाई संपेपर्यंत मैदानातच पडून राहत.

५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीला पेशव्यांची आणि कंपनीची फौज भिडली, तेव्हा कंपनीच्या पायदळाकडे गुळगुळीत नळीच्या बंदुका होत्या. त्यांचा नेम शंभरेक पावलांपलीकडे भरवशाचा नसे. म्हणून सैनिक रांगेत उभे राहून एकदम बार काढत. १८४९ मध्ये फ्रेंच अधिकारी मिनिए याची लांबट गोळी आली. आटे पाडलेल्या नळीतून ती दूरवर अचूक जाई आणि हाडाचा चुरा करी. अमेरिकेच्या यादवी युद्धात हातपाय कापण्याची वेळ हजारोंवर आली, त्याचे हे एक मोठे कारण.

पहिल्या महायुद्धात मशीनगनने सैनिकांना खंदकात ढकलले आणि तोफगोळ्यांच्या तुकड्यांनी होणाऱ्या जखमा गोळीच्या जखमांपेक्षा जास्त झाल्या. तुकड्यांबरोबर माती आणि कपड्यांच्या चिंध्या मांसात शिरत, जखम सडत जाई. मृत मांस कापून जखम काही दिवस उघडी ठेवणे, मोडलेल्या मांडीला जागेवरच थॉमस स्प्लिंट लावणे, रक्त साठवून पुढच्या फळीपर्यंत नेणे हे उपाय त्याच युद्धात रुळले.

उपाय असूनही तो वेळेवर पोहोचला नाही तर काय होते, याचा दाखला पुण्याच्याच नावाच्या फौजेने दिला. नोव्हेंबर १९१५ मध्ये मेसोपोटेमियात टेसिफोनला सहावी पूना डिव्हिजन लढली. तिच्यात मराठा पलटणही होती. हजारो जखमींना स्प्रिंग नसलेल्या गाड्यांतून नदीकाठी आणले गेले आणि तिथून गर्दीने भरलेल्या बोटींतून बसऱ्याकडे पाठवले गेले. त्या प्रवासातील हालांची पुढे ब्रिटनमध्ये आयोग नेमून चौकशी झाली. आयोगाचा १९१७ मधील अहवाल सरकारच्या बेपर्वाईवर कोरडे ओढणारा ठरला.

तीस वर्षांनी, ९ एप्रिल १९४५ रोजी, इटलीत सेनियो नदीच्या काठी अहिल्यानगर जिल्ह्यातील निमजच्या नामदेव जाधव यांनी गोळीबार चालू असताना दोन जखमी सोबत्यांना एकेक करून नदीपार, सुरुंगांच्या पट्ट्यातून सुरक्षित जागी पोहोचवले. मग मागे फिरून शत्रूच्या मशीनगन बंद पाडल्या. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. जखमीला मदत करणारा पहिला हात डॉक्टरचा नसतो, शेजारच्या माणसाचा असतो.

आकडेही हेच सांगतात. २००१ ते २०११ या काळात रणांगणावर झालेल्या अमेरिकी सैनिकांच्या मृत्यूंचा अभ्यास झाला. रुग्णालयात पोहोचण्याआधी दगावलेल्यांपैकी सुमारे एकचतुर्थांश सैनिक वाचण्याजोगे होते आणि त्यांतले ९१ टक्के रक्तस्रावाने गेले. म्हणूनच हातपाय घट्ट आवळणारा टूर्निकेट हा पट्टा प्रत्येक सैनिकाच्या खिशात आला आणि तो बांधायचे शिक्षण प्रत्येकाला मिळू लागले.

काही डॉक्टरांना भीती वाटते की अडाणीपणाने बांधलेला पट्टा हातपाय गमवायला लावेल. ही भीती निराधार नाही. युक्रेनमध्ये ड्रोनच्या माऱ्यामुळे जखमींना तासन् तास हलवता येत नाही आणि फार वेळ बांधून ठेवलेल्या पट्ट्यांमुळे हातपाय जात आहेत. पण दोन तासांपर्यंतचा धोका कमी असतो आणि पिंपरी पेंढारहून नारायणगाव किंवा मंचर त्याच्या कितीतरी आत गाठता येते.

खरा अडाणीपणा वेगळाच आहे. गावोगावी साप चावला की दोरी आवळतात. तिथे ती मुळीच आवळू नये. आणि कडबाकुट्टीत हात सापडून रक्ताची धार लागली की तिथे हळद दाबतात. आधी स्वच्छ कापड जखमेवर, खोल असेल तर जखमेत भरून, दोन्ही हातांनी जोराने दाबावे. हातापायाचे रक्त तरीही थांबत नसेल तर जखमेच्या चार बोटे वर, सांध्यावर नव्हे, रुंद पट्टी बांधून तिच्यात काठी घालून रक्त थांबेपर्यंत पिळावी आणि वेळ लिहून ठेवावी. तार किंवा सुतळी वापरू नये. मान, छाती, पोट यांना पट्टा बांधता येत नाही.

हे शिकायला एक दुपार पुरते. ढाब्यावरचे कामगार, एसटीचे चालक-वाहक, ऊसतोड मुकादम, पोलीस पाटील आणि दहावीची मुले यांना ते शिकवायला हवे. ग्रामपंचायतीने महामार्गालगत दोन-चार ठिकाणी पट्टे आणि मलमपट्टीची पेटी ठेवली, तर खर्च एखाद्या स्वागत कमानीच्या पासंगालाही पुरणार नाही. मोटार वाहन कायद्याच्या १३४ अ कलमाने सद्भावनेने मदत करणाऱ्याला संरक्षणही दिले आहे. पोलिसांच्या फेऱ्यांची धास्ती घेऊन हात मागे घेण्याचे कारण उरलेले नाही.

नवी शस्त्रे घ्यायला देश कोट्यवधी रुपये मोजतो. त्या शस्त्रांनी शिकवलेले सर्वांत स्वस्त ज्ञान मात्र छावणीच्या भिंतीआडच राहिले आहे. ते महामार्गावर आले, तर रुग्णवाहिका येईपर्यंत जखमी जिवंत राहील.