सोन्याची पिन, पितळेचा आवाज

गेल्या महिन्यात म्हैसूरला मावशीकडे गेले होते. सरस्वतीपुरममधल्या त्या घरात सगळ्यात जास्त मान काकांच्या कॅसेट डेकचा. गावच तसं कानाचं! 1935 साली प्रा. एम. व्ही. गोपालस्वामी यांनी इथे आपल्या राहत्या घरात रेडिओ केंद्र सुरू केलं, आणि 'आकाशवाणी' हे नाव त्याच केंद्राचं.

पण या खेपेला डावा स्पीकर खरखरत होता. माझ्या आजीने म्हटलेल्या ओव्यांची एक कॅसेट आहे. एकुलती एक. ती लावली की मध्येच एका बाजूचा आवाज जायचा. दुकानदाराने काकांना सांगून ठेवलेलं, ''केबल बदला, सोन्याच्या पिनांची घ्या. सोन्यातून आवाज शुद्ध येतो.'' किंमत ऐकून मावशीने कपाळाला हात लावला.

वाचकहो, वीज वाहून नेण्यात पहिला नंबर चांदीचा, तिच्या पाठोपाठ तांब्याचा. सोनं तिसरं, तांब्याच्या सुमारे 70 टक्के. पितळ तर पाव हिश्शावर, आणि बहुतेक पिना आतून पितळेच्याच असतात! वर मुलामा निकेलचा किंवा सोन्याचा. तरी बिघडत काही नाही. पिन जेमतेम इंचभर. स्वच्छ, घट्ट सांध्याचा विरोध ओहमच्या काही हजारांश भागांइतका, तर समोर अ‍ॅम्प्लिफायरचा विरोध हजारो ओहमचा. धातू कुठला, हे कानाला कळायचं कसं?

मग सोनं कशाला? कल्हई आठवा. पितळेच्या भांड्यात आमटी कळकू नये म्हणून आतून कथील लावतात, तसंच हे. चांदी देवघरातल्या निरांजनासारखी काळी पडते, तांब्या-पितळेवर हिरवट थर चढतो. सोन्याला दमट हवेचं काही वाटत नाही. म्हणजे कोकणातल्या किंवा मुंबईतल्या घरात सोन्याचा मुलामा उपयोगाचा आहे, पण तो टिकाऊपणासाठी. शिवाय स्वस्त पिनांवर तो इतका पातळ असतो की चारदा काढघाल केली की उडतो. आणि डेकच्या सॉकेटला कथिलाचा मुलामा असेल तर त्यात सोन्याची पिन नकोच. दोन वेगळे धातू एकमेकांवर बारीक बारीक घासले जातात, कथिलावर गंजाचा थर धरतो आणि खरखर पुन्हा सुरू!

आम्ही आधी अ‍ॅम्प्लिफायरकडच्या डाव्या-उजव्या पिनांची अदलाबदल केली. खरखर उजवीकडे गेली. म्हणजे स्पीकर निर्दोष. दोष केबलमध्ये नाहीतर डेककडे. डेकमागची पिन उपसली, तर तिच्यावर हिरवं किटण, आणि बाहेरची कडी सैल.

सगळ्या यंत्रांचे प्लग भिंतीतून काढले. औषधांच्या दुकानातून आणलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये कापूस भिजवून पिन पुसली, कानकाडीने सॉकेट. (हे द्रव्य चटकन पेटतं, जवळ निरांजन किंवा उदबत्ती नको. म्हैसूरच्या घरात हे मुद्दाम सांगावं लागतं!) काका घासकागद आणायला निघाले होते, त्यांना थांबवलं. त्याने उरलासुरला मुलामाही जातो. मग कडी पकडीने अगदी हलके दाबली आणि सगळं नीट वाळू दिलं.

कॅसेट लावली. ओवी दोन्ही बाजूंनी आली. मावशी पोळी तव्यावर ठेवून बाहेर आली, ती करपलीच.

काकांनी नवी केबल घेतली नाही. मी निघाले तेव्हा ते त्या कॅसेटची दुसरी प्रत करायला बसले होते.