'जैसे थे' नव्हे, 'पूर्ववत'!

न्यायालयाचा अंतरिम आदेश असो वा सीमेवरील वाटाघाटी, मराठी वार्तांकनात 'जैसे थे' हा शब्दप्रयोग हमखास येतो. मात्र त्याच्या पोटात परस्परविरोधी असे दोन अर्थ दडले आहेत. कवायतीच्या मैदानावर 'जैसे थे' म्हटले की जवान आधीच्या स्थितीत परत जातो. न्यायालयाने 'जैसे थे'चा आदेश दिला, तर पक्षकारांनी आज जिथे आहेत तिथेच थांबायचे असते. पहिला अर्थ मागे फिरण्याचा, दुसरा गोठवण्याचा. कायद्याच्या परिभाषेत त्यांना अनुक्रमे 'स्टेटस क्वो अँटे' आणि 'स्टेटस क्वो' अशी स्वतंत्र नावे आहेत. मराठीत पहिल्यासाठी 'पूर्वस्थिती' वा 'पूर्ववत' हे शब्द उपलब्ध असूनही आपण दोन्हींवर एकच शिक्का मारतो.

हा केवळ शब्दच्छल नव्हे. अरुणाचल प्रदेशच्या राज्यपालांनी विधानसभेचे अधिवेशन परस्पर अलीकडे आणले, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 13 जुलै 2016 रोजी ती कृती अवैध ठरवून 15 डिसेंबर 2015 ची स्थिती पूर्ववत केली. नबाम तुकी पुन्हा मुख्यमंत्री झाले. महाराष्ट्राच्या सत्तासंघर्षात मात्र 11 मे 2023 रोजी घटनापीठाने राज्यपालांचा बहुमत चाचणीचा निर्णय अयोग्य ठरवूनही पूर्वस्थिती आणण्यास नकार दिला. उद्धव ठाकरे यांनी चाचणीला सामोरे न जाता 29 जून 2022 रोजी राजीनामा दिला होता, हे त्याचे कारण. दोन्ही प्रकरणांत राज्यपाल चुकले. पण परतीचा मार्ग एकातच शिल्लक होता. चूक सिद्ध होणे आणि ती निस्तरली जाणे यांतील अंतर याच शब्दाने मोजले जाते.

अर्थात, पूर्वस्थिती आली म्हणून पूर्वीचे बळ परत येतेच असे नाही. तुकींचे पुनरागमन जेमतेम काही दिवस टिकले. पक्षातील आमदार दुरावले होते. त्यांच्या जागी पेमा खांडू आले. न्यायालय घड्याळाचे काटे मागे फिरवू शकते, आमदारांची मने नव्हेत.

लडाखमध्ये तर या दोन अर्थांतील फरकावर भूभागाचा प्रश्न अवलंबून आहे. ऑक्टोबर 2024 मध्ये डेपसांग व डेमचोक येथील गस्तीबाबत चीनशी समझोता झाला, तेव्हा लष्करप्रमुख जनरल उपेंद्र द्विवेदी यांनी एप्रिल 2020 ची स्थिती हे उद्दिष्ट स्पष्टपणे मांडले. त्याआधी गलवान, पँगाँग, गोग्रा व हॉट स्प्रिंग्ज येथे सैन्य मागे घेताना गस्तविरहित पट्टे निर्माण झाले होते. संघर्ष टाळण्यासाठी ते उपयुक्त असतील; पण त्यांना पूर्वस्थिती म्हणता येणार नाही. अशा ठिकाणी 'जैसे थे' राखल्याचे समाधान मानणे म्हणजे जो पुढे सरकला त्याच्या पायाखालची जमीन त्याला बहाल करणे होय.

म्हणूनच 'पूर्ववत' या शब्दासोबत तारीख हवी. कोणत्या दिवसाची स्थिती, ती कोण आणणार आणि कोणत्या मुदतीत, या तीन प्रश्नांची उत्तरे नसतील तर परतीचे आश्वासन निरर्थक ठरते. टिपणी लिहिणाऱ्या अधिकाऱ्याने आणि बातमी देणाऱ्या पत्रकाराने एवढे पथ्य पाळले, तरी राज्यकर्त्यांना संदिग्धतेचा आडोसा घेणे कठीण जाईल.