पाणपोईवरची ती

कवीने रूप शब्दांत बांधले की काळाला ते हिरावून नेता येत नाही, हे वाक्य प्रेमकवितेवरच्या व्याख्यानात हटकून येते आणि टाळ्या घेते. ते खरे नाही. शेक्सपिअरची १५४ सुनीते १६०९ साली छापली गेली. तुझे सौंदर्य माझ्या ओळींत जगेल, असे त्यांत कवी एका तरुणाला पुन्हापुन्हा बजावतो. तो तरुण कोण, यावर अभ्यासक अजून भांडताहेत. देखणा होता, यापलीकडे त्याचा चेहरा काही हाती लागत नाही.

मग दुसरी बाजू म्हणते, रूप टिकवायचे तर दगडात कोरा. कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या दर्शनी भिंतीवरची दांपत्ये पाहा. देखणी आहेतच, अंगावरचे दागिनेसुद्धा ओळखता येतात. पण त्यांचे एकमेकांत काय चालले होते?

ते सांगायला हाल सातवाहनाच्या नावावरची गाथासप्तशती लागते. तिच्यातल्या एका गाथेत वाटसरू पाणपोईवर ओंजळीने पाणी पितोय. नजर वर, वाढणारीकडे. बोटे मुद्दाम फाकवलेली, म्हणजे पाणी गळत राहावे आणि पिणे संपू नये. आणि ती? मुळातच बारीक असलेली धार आणखी बारीक करते. संपली गाथा. तिच्या रंगाबद्दल, डोळ्यांबद्दल अवाक्षर नाही. तरी ती सुंदर आहे, याची आपल्याला खात्री पटते. तो उगाच का पाणी सांडेल? आणि तोही तिच्या मनात भरलाय, हे धार सांगते.

चंद्रमुखींच्या गाथाही त्या संग्रहात आहेत. एकीचा चेहरा दुसरीला लावला तरी कोणाला पत्ता लागायचा नाही. स्तुती जितकी भरजरी, तितकी ती कोणाच्याही अंगाला बसते. शिवाय काव्य म्हटले की ते आपोआप टिकते, असेही नाही. नाव सप्तशती, पण सगळ्या पाठपरंपरांत समान अशा गाथा सुमारे ४३०च भरतात. बाकीच्या कुठे आहेत, कुठे नाहीत.

यावर कोणी म्हणेल, ती पोरगी मुळात होती कशावरून? कवीने रचली असेल. असेल. पण सौंदर्य एकट्या चेहऱ्यावर वस्तीला असते, असे धरले तरच हा आक्षेप टिकतो. ते पाहणारा आणि पाहिली जाणारी यांच्यामध्ये घडते, आणि त्या गाथेत ते अख्खे घडले आहे. त्यात तिचे नाव घातले असते तरी भर पडली नसती.