बेडका तपासा, कपबशी वेगळी मांडू नका!



घरातील माणूस दोन आठवड्यांहून अधिक काळ खोकत असता आपण काय करतो? प्रथम ती गोष्ट झाकतो, मग ताईत बांधतो आणि क्षयाचे नाव निघताच त्याची कपबशी वेगळी मांडतो. ज्यांच्या वाडवडिलांच्या वाट्याला पिढ्यान्‌पिढ्या वेगळी कपबशी आली, त्यांच्याच घरात ती पुन्हा मांडली जावी, याहून लाजिरवाणे ते काय?

कसबा बावड्याच्या वाचकांस तर हे अधिक झोंबले पाहिजे. राजर्षी शाहू महाराज २६ जून १८७४ रोजी याच बावड्यात जन्मले; आणि गंगाराम कांबळे यांच्या दुकानातील चहा त्यांनी घेतला, तो विटाळाची कल्पना मोडण्यासाठीच.

क्षय कपबशीने पसरत नाही. खोकल्यातून हवेत उडणाऱ्या सूक्ष्म तुषारांनी पसरतो. म्हणून खोकताना तोंडावर रुमाल धरावा, खिडक्या उघड्या ठेवाव्यात. तो पूर्वजन्मीच्या पापाचे फळही नव्हे. रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी बर्लिन येथे त्याचा जंतूच जगापुढे मांडला. काचपट्टीवर बेडक्याचा पातळ थर पसरून, तांबडा रंग ओतून तापवितात. मग आम्लाने धुऊन निळा रंग देतात. बाकी सर्व निळे होते. क्षयाचा जंतू मात्र आम्लासही न जुमानता तांबडाच राहतो. सूक्ष्मदर्शक जात विचारीत नाही, की कुंडली मागत नाही!

परंतु लाळ देऊन भागणार नाही. खोल खोकून काढलेला बेडका हवा. एक नमुना तेथेच द्यावा, दुसरा सकाळी उठताच घेतलेला. एका मिलिलिटरमध्ये निदान ५,००० ते १०,००० जंतू असल्याखेरीज ते सहसा दिसत नाहीत. म्हणून उत्तर 'नाही' आले तरी निश्चिंत राहू नका. सीबीनॅट वा ट्रूनॅट तपासणी मागा. रक्तातील प्रतिपिंडे पाहून क्षय ठरविण्याची चाचणी सरकारने २०१२ सालीच बंद केली. तिच्यासाठी कोणी पैसे मागितल्यास ठाम नकार द्या.

सरकारी दवाखान्यात तपासणी व औषधे मोफत आहेत. निक्षय पोषण योजनेखाली रुग्णास मिळणारे साहाय्य नोव्हेंबर २०२४ पासून दरमहा १,००० रुपये झाले. ही भीक नव्हे, हक्क आहे. तो मागून घ्या. साध्या क्षयाचा उपचार सहा महिन्यांचा; तो अर्ध्यावर सोडाल तर जंतू औषधास दाद देईनासे होतात.

जी विषमता आपण बाहेर धिक्कारली, तिला उंबऱ्याच्या आत थारा देऊ नका. खोकणाऱ्यास आज दवाखान्यात न्या, आणि परतल्यावर त्याच्या शेजारी बसून जेवा!