मुलीची आठवी कुठे होणार, ते आधी विचारा

सोनईतून शहरात जाणाऱ्या आपल्या मुलांचा पत्ता ती निघायच्या आधीच ठरलेला असतो. नगरला गेलात तर मुकुंदनगर. पुण्याला कोंढवा. संभाजीनगरला किराडपुरा नाहीतर कटकट गेट. मुंबईला मुंब्रा. नोकरी शहराच्या कोणत्या टोकाला लागली, हा प्रश्न नंतर येतो. मुलांची शाळा हा प्रश्न तर मुलं झाल्यावर, तीही शाळेत जायच्या वयाची झाल्यावर. तोवर मामूच्या बिल्डिंगमधला वरचा मजला घेऊन झालेला असतो, डिपॉझिट गुंतलेलं असतं, आणि मग उत्तर एकच उरतं : जे जवळ आहे तिथे घाला.

ही पद्धत आता बंद केली पाहिजे. घर बघायला जाल तेव्हा पहिला प्रश्न हा विचारा : आपल्या मुलीची आठवी कुठे होणार, आणि ती तिथे कशी जाणार? लग्न झालेलं नसलं तरी विचारा. या एका प्रश्नाचं धड उत्तर जी वस्ती देऊ शकत नाही, तिथे नळाला पाणी किती वेळ येतं आणि खाली बाजार किती चांगला आहे, याला फारसा अर्थ नाही.

गाव का सुटतं, हे आपल्याला कोणी समजावून सांगायची गरज नाही. सोनईत साखर कारखाना आहे, मुळा एज्युकेशनचं कॉलेज आहे. डिग्रीपर्यंत शिकता येतं. पण डिग्रीला साजेशी नोकरी मिळत नाही, आणि जी असते तिचीही खात्री नाही. शेजारच्या शिंगणापूर देवस्थानाने जून २०२५ मध्ये १६७ कर्मचारी कमी केले. त्यांतले ११४ मुसलमान होते. कारण शिस्तभंगाचं सांगितलं गेलं. त्याआधी मुस्लीम कर्मचाऱ्यांविरुद्ध आंदोलनाची हाक कोणी दिली होती, तेही सगळ्यांना ठाऊक आहे. अशा वेळी पोरं शहराकडे बघणारच. पण शहरात जाऊन काय कमावतो, याच्याबरोबर तिथे काय गमावतो, याचाही हिशेब मांडावा लागतो.

गावात आपल्याकडे काय होतं? जिल्हा परिषदेची मराठी शाळा, पुढे हायस्कूल. वर्गात मराठा, माळी, दलित, धनगर, मुसलमान एकाच सतरंजीवर. वस्तीवरून येणाऱ्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत बारावीपर्यंत एसटीचा पास फुकट. ती पोरगी पाच-सात किलोमीटरवरून एसटीने यायची, दहावी करायची, बारावी करायची. घरात कोणी शिकलेलं नसलं तरी शाळेत जाणं ही तिच्यासाठी रोजची, साधी गोष्ट होती.

तिचीच धाकटी बहीण शहरातल्या मोहल्ल्यात वाढते तेव्हा काय होतं? जवळची महापालिकेची शाळा बहुतेक ठिकाणी सातवीपर्यंत. ती उर्दू माध्यमाची असली, तर घरी मराठी-दखनी बोलणाऱ्या आपल्या मुलीला पहिल्यापासून नवी लिपी. नाहीतर दोन खोल्यांत भरणारी, इंग्रजी नावाची खाजगी शाळा. आठवीसाठी बाहेर पडायचं तर मोठा रस्ता ओलांडून, दोन बस बदलून. मग अब्बू म्हणतात, "एवढ्या लांब एकटी कशी पाठवायची?" आणि मुलगी घरी बसते. गावातली मुलगी एसटीने शाळेत गेली आणि शहरातली घरात राहिली, तर मग आपण शहरात आलो कशाला?

हे फक्त आपल्या डोळ्यांना दिसणारं चित्र नाही. सॅम ॲशर, पॉल नोवोसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी देशातल्या १५ लाख छोट्या-छोट्या वस्त्यांचा अभ्यास २०२३ मध्ये मांडला. त्यांना असं दिसलं की शहरी मुसलमानांपैकी सुमारे २६ टक्के लोक अशा वस्तीत राहतात जिथे ८० टक्क्यांहून जास्त लोक मुसलमान आहेत. आणि एकाच शहरात, एकही मुसलमान नसलेल्या वस्तीच्या तुलनेत पूर्ण मुस्लीम वस्तीत माध्यमिक शाळा असण्याची शक्यता निम्मी आहे. निम्मी! सच्चर समितीनेही २००६ मध्ये हेच बजावलं होतं : भीतीपोटी लोक एका जागी गोळा होतात, आणि एका जागी गोळा झालेल्या लोकांकडे दुर्लक्ष करणं पालिकेला सोपं जातं.

आता येण्या-जाण्याचा हिशेब. कोंढव्यात राहून हिंजवडीत नोकरी करणारे कितीतरी जण आपल्या ओळखीत सापडतील. जाऊन-येऊन साठेक किलोमीटर. मेट्रो स्वारगेटपर्यंत आली, कोंढव्यात नाही. कात्रज-कोंढवा रस्त्याचं रुंदीकरण २०१८ मध्ये सुरू झालं आणि वर्षानुवर्षं भूसंपादनात अडकलं. समजा मोहल्ल्यातलं घर नोकरीच्या जवळच्या घरापेक्षा तीन हजारांनी स्वस्त आहे. मोटरसायकलला रोज सव्वा लिटर पेट्रोल धरा, म्हणजे सव्वाशे-दीडशे रुपये. पंचवीस दिवसांचे तीन हजारांच्या वर गेले. वाचलेलं भाडं टाकीत गेलं. वर रोजचे तीन तास, म्हणजे महिन्याला पंचाहत्तर. या पंचाहत्तर तासांत एखादा कोर्स होतो, मुलांचा अभ्यास होतो, किमान त्यांच्याशी बोलणं तरी होतं. भाडं सांगताना एजंट हे तास सांगत नाही. ते आपल्यालाच मोजावे लागतात.

विकत घ्यायच्या घराची गोष्ट आणखी वाईट. व्याज नको म्हणून अनेकजण बँकेचं कर्ज टाळतात. त्या भावनेचा आदर आहे. पण तिचा फायदा कोण उचलतं, हेही बघा. बाँडवर नोटरी करून प्लॉट विकणारा, भोगवटा प्रमाणपत्र नसलेल्या इमारतीतला फ्लॅट 'अपनेवालों को सस्ते में' देणारा आपल्यातलाच असतो. बाँड म्हणजे मालकी नव्हे. नोंदणीकृत खरेदीखत नसेल तर उद्या पालिकेची नोटीस आली की दाद मागायला तुमच्या हातात काही राहत नाही. मुंब्र्याजवळ शिळफाट्याला लकी कंपाउंडमधली बेकायदा इमारत ४ एप्रिल २०१३ रोजी कोसळली. ७४ माणसं गेली. स्वस्त घर किती महाग पडू शकतं, याची ती नोंद आहे.

यावर घरातले वडीलधारे जे म्हणतात ते हसण्यावारी नेण्यासारखं नाही. "दंगल झाली तर?" हा प्रश्न हवेतून आलेला नाही. १९९२-९३ नंतर मुंबईतली कुटुंबंच्या कुटुंबं मुंब्र्याला गेली ती हौसेने नव्हे. आपल्याच जिल्ह्यात शेवगावला मे २०२३ मध्ये काय झालं, ते आठवतं. सोलापूरहून नोकरीसाठी पुण्यात आलेला मोहसीन शेख २ जून २०१४ रोजी हडपसरमध्ये मारला गेला. जानेवारी २०२३ मध्ये सगळे आरोपी पुराव्याअभावी निर्दोष सुटले. हे माहीत असलेल्या बापाला "घाबरू नका" असं सांगायचा अधिकार कोणालाच नाही.

पण त्या बापालाही एक विचारायला हवं. मोहल्ला आपल्याला किती तास सांभाळतो? नोकरीला जाताना, कॉलेजला जाताना, बसमध्ये, बाजारात तो सोबत येत नाही. रात्रीची झोप तो देतो, हे खरं. त्या झोपेची किंमत मात्र बहुतेक वेळा घरातली मुलगी देते, तिच्या शिक्षणाने. आणि कोणी तिला विचारून ही किंमत ठरवलेली नसते. शिवाय ज्यांची मुलं एकमेकांबरोबर कधी शिकलीच नाहीत, त्या दोन वस्त्यांमध्ये अफवा सगळ्यात वेगाने पळते. सोनईत अफवा पसरली तर निदान समोरच्याला फोन करून विचारता येतं, कारण तो आपल्या वर्गात होता. शहरात आपण तो फोन नंबरच मिळवत नाही.

घर घेण्याआधी शेजारी पाहा, अशी अरबीत एक म्हण आहे. आपले बुजुर्ग ती सांगतात आणि तिचा अर्थ 'आपल्यातच राहा' असा लावतात. पण दीनमध्ये शेजाऱ्याचा हक्क सांगताना शेजारी मुसलमान असण्याची अट घातलेली नाही. हक्कुल इबाद भिंतीपलीकडच्या प्रत्येकासाठी आहे. तो पाळायला भिंतीपलीकडे आधी कोणीतरी वेगळा असावा लागतो.

"आम्ही तयार आहोत, पण ते घर देत नाहीत." हेही शंभर टक्के खरं. फोनवर सगळं ठरतं, नाव सांगितलं की 'घर आत्ताच गेलं'. "आम्हाला काही नाही हो, सोसायटीला चालत नाही," हे वाक्य आपल्या प्रत्येकाच्या कानांवर पडलंय. सुखदेव थोरात आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये दिल्ली परिसरातल्या भाड्याच्या घरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात सवर्णांना घर सहज मिळालं, दलितांना कमी आणि मुसलमानांना सगळ्यात कमी. ही गोष्ट लाजेची आहे आणि लाज नाकारणाऱ्याला वाटली पाहिजे, आपल्याला नाही. पण नकार मिळाला की आपण काय करतो? गप्प बसून कोंढव्याला फोन लावतो. नाकारणाऱ्याला ना कधी उत्तर द्यावं लागत, ना त्याची कुठे नोंद होते.

म्हणून नोंद करा. तारीख, इमारत, बोललेला शब्द लिहून ठेवा. मेसेजवर नकार मिळवता आला तर मिळवा. विकत घेत असाल तर महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याचं कलम २३ वाचा : पात्र माणसाला पुरेशा कारणाशिवाय सभासदत्व नाकारता येत नाही, आणि नाकारलं तर निबंधकाकडे जाता येतं. मात्र कायद्यात मोठं भगदाड आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये अहमदाबादच्या पारशी सोसायटीच्या खटल्यात एकाच समाजापुरतं सभासदत्व ठेवणारा उपविधी मान्य केला. आणि भाड्याने घर देताना धर्म-जात बघून नाकारणाऱ्या खाजगी मालकाला रोखणारा कायदा महाराष्ट्रात नाही. तो हवा, ही मागणी आपण दलित, भटके, एकट्या राहणाऱ्या बाया, ईशान्येकडचे विद्यार्थी अशा सगळ्यांबरोबर केली पाहिजे. घर नाकारलं जाण्याचा अनुभव आपल्या एकट्याचा नाही.

आणि आता आपल्या लोकांविषयी. मोहल्ल्यातून निवडून येणाऱ्यांना मोहल्ला एकगठ्ठा हवा असतो. कमान होते, शादीखाना होतो, चौकाला नाव दिलं जातं, जलशाला मंडप पडतो. आठवी ते दहावीची शाळा का होत नाही? कारण ती आपण कधी मागितलीच नाही. मत मागायला येणाऱ्याला गटार विचारलं, नळ विचारला. माध्यमिक शाळा किती जणांनी विचारली? मोहल्ल्यात राहणं हा गुन्हा नाही. ज्यांना दुसरीकडे घर मिळत नाही किंवा परवडत नाही, त्यांनी तिथेच राहायचं आहे, आणि तिथेच शाळा आणायची आहे. सातवीपर्यंतच्या शाळेला आठवी-नववी-दहावीचे वर्ग जोडा, शाळेच्या वेळेला बस सोडा, या दोन मागण्या घेऊन वॉर्ड ऑफिसवर जायला कोणत्याही नेत्याची परवानगी लागत नाही.

ज्यांना निवड करता येते, त्यांनी एक रविवार द्यावा. आधी कामाची जागा नकाशावर ठेवा आणि पाऊण तासाच्या आतल्या वस्त्या बघा. तिथल्या शाळा बघा : दहावीपर्यंत आहे का, मान्यता आहे का, यूडायस क्रमांक आहे का. शिक्षण विभाग अनधिकृत शाळांच्या याद्या काढतो, त्यांत ते नाव नाही ना? शाळा सुटायच्या वेळेला त्या रस्त्यावरून स्वतः चालून बघा. मुली चालत जाताना दिसतात का? भाडेकरार नोंदणीकृतच करा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ नुसार तो नोंदवणं घरमालकाची जबाबदारी आहे. हजार-दोन हजार वाचवायला तोंडी सौदा कराल, तर आरटीईच्या २५ टक्के जागांसाठी अर्ज करताना राहण्याचा पुरावाच नसेल. त्या प्रवेशात शाळेपासून एक किलोमीटरच्या आत राहणाऱ्यांना आधी संधी मिळते. म्हणजे पत्त्यावरच पोराची शाळा ठरते. ओबीसीत येणाऱ्या तांबोळी, बागवान, अत्तार, पिंजारी घरांनी जातीचा दाखलाही गावाहून वेळेत काढून आणावा.

एकटं जायची भीती वाटते? मग दोन-तीन कुटुंबं मिळून एकाच मिश्र वस्तीत जा. जुम्म्याची नमाज पंधरा मिनिटांच्या रिक्षावर असेल तर आठवड्यातून एकदा ती रिक्षा करता येते. शाळेची रिक्षा मात्र रोज लागते, दहा वर्षं लागते, आणि परवडली नाही की सगळ्यात आधी मुलीची बंद होते.

येत्या सुट्टीत गावाकडून कोणी "शहरात खोली बघ" म्हणून फोन करेल, तेव्हा त्याला मामूचा नंबर देऊन मोकळे होऊ नका. नोकरी कुठे आहे ते विचारा. लहान बहीण सोबत येणार का ते विचारा. आणि ती आठवीला कुठे जाईल, याचं उत्तर सापडेपर्यंत त्याला टोकन द्यायला लावू नका.