बिडी सुटते कशी?



'जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही' ही म्हण तुम्ही ऐकली असेल. बिडी ओढणाऱ्यांना ती नेहमी ऐकवली जाते. मला ती पटत नाही. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत निम्म्याहून अधिक धूम्रपान करणाऱ्यांनी ही सवय सोडण्याचा विचार बोलून दाखवला. इच्छा असते, पण एकट्याचा निश्चय अनेकदा अपुरा पडतो.

नाशिकच्या भद्रकालीत किंवा मालेगावात रमजान महिन्यात काय दिसते ते आठवा. एरवी तासातासाला बिडी लागणारा माणूस सहरीपासून मगरिबपर्यंत तिला हातही लावत नाही. घरात, गल्लीत, कारखान्यात सगळ्यांचे रोजे असतात. त्याच्यासमोर कोणी बिडी पेटवत नाही. इफ्तार होताच तो नाक्यावर जातो. एखादा मित्र बिडी पुढे करतो आणि दिवसभराचा संयम संपतो. माणूस तोच असतो. संगत बदललेली असते.

अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम येथे १९७१ ते २००३ या काळात बारा हजारांहून अधिक लोकांचा अभ्यास झाला. पती किंवा पत्नीने धूम्रपान सोडले, तर जोडीदाराने ते करण्याची शक्यता ६७ टक्क्यांनी कमी होते. मित्राने सोडले, तर ३६ टक्क्यांनी कमी होते, असे त्यात आढळले.

निश्चय बहुधा पहिल्या काही दिवसांतच मोडतो. शरीराला तंबाखूतील निकोटिनची सवय झालेली असते. ते मिळाले नाही की चिडचिड होते, झोप लागत नाही, कामात लक्ष लागत नाही. पहिले दोन-तीन दिवस फार कठीण जातात. तीन-चार आठवड्यांत त्रास ओसरतो. तलफ आली तरी काही मिनिटांत ती निघून जाते. नेमक्या याच वेळी घरातले कोणी म्हणते, "पाहू या किती दिवस टिकते!" असा टोमणा माणसाला पुन्हा नाक्याकडे ढकलतो.

आता तुमच्याविषयी. बिडीचे बंडल आणायला अब्बा किंवा चाचा तुम्हालाच पाठवतात ना? २००३ च्या कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांना तंबाखू विकण्यास बंदी आहे. काही जण म्हणतील, मोठ्यांना नाही म्हणणे हा उद्धटपणा आहे. मला तसे वाटत नाही. नम्रपणे सांगा, "अब्बा, दुसरे कोणतेही काम सांगा, लगेच करतो, पण हे सांगू नका." या नकारात माया आहे.

अब्बांनी बिडी सोडायचे ठरवले, तर त्यांना तलफ येताच पाणी द्या, बडीशेप द्या, त्यांच्याबरोबर फेरी मारा. त्यांना डॉक्टरांकडे जायला सांगा. निकोटिनचे च्युइंगगम घेतल्यास यशाची शक्यता सुमारे दीडपट होते. सरकारच्या १८००-११-२३५६ या क्रमांकावर मोफत सल्लाही मिळतो.

"आता या वयात सोडून काय उपयोग?" असे ते म्हणाले, तर त्यांना ब्रिटिश डॉक्टरांच्या अभ्यासाविषयी सांगा. १९५१ मध्ये सुरू झालेल्या त्या अभ्यासाचा पन्नास वर्षांचा निष्कर्ष २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. पन्नाशीत धूम्रपान सोडणाऱ्यांचे आयुष्य सरासरी सहा वर्षांनी वाढते, असे त्यातून दिसले.

एखादे दिवशी त्यांचा निश्चय मोडला, तरी हसू नका. दुसऱ्या दिवशी पुन्हा त्यांच्या पाठीशी उभे राहा.