परम शिवायचे कौतुक आणि न वाचलेली स्क्रिप्ट

वाराणसीच्या आयआयटी (बीएचयू)मध्ये १९ फेब्रुवारी २०१९ रोजी 'परम शिवाय' या महासंगणकाचे उद्घाटन झाले. राष्ट्रीय महासंगणन अभियानातील तो पहिला. बांधणी सी-डॅकची, क्षमता ८३३ टेराफ्लॉप्स. विज्ञानवार्तांनी तो आकडा मिरवला आणि आजही प्रत्येक नव्या यंत्राच्या वेळी असाच एखादा आकडा मिरवला जातो. जगातील अव्वल ५०० महासंगणकांपैकी प्रत्येकावर नोव्हेंबर २०१७पासून लिनक्स आहे, हे मात्र क्वचितच छापले जाते. विद्यार्थ्याच्या दृष्टीने खरी बातमी तीच. ती प्रणाली त्याच्या लॅपटॉपवर फुकट बसते आणि तिचे अंतरंग उघडून पाहता येते.

पाहतो कोण? दोन ग्राफिक्स चिप असलेल्या लॅपटॉपवर लिनक्स बसवले, पंखा घोंघावू लागला, बॅटरी उतरू लागली, की कुठून तरी एक स्क्रिप्ट उचलायची आणि सुडो लावून चालवायची, हा शिरस्ता झाला आहे. समर्थनही तयार असते: संशोधन करायचे आहे, ड्रायव्हर लिहायचा नाही.

भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याने असे म्हणावे, हे विशेष खेदाचे. चिपमध्ये स्विचिंगपायी खर्च होणारी शक्ती धारिता, विद्युतदाबाचा वर्ग आणि वारंवारिता यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात असते. नुसती वारंवारिता निम्मी केली तर तेच काम दुप्पट वेळ चालते, स्विचिंगची ऊर्जा तेवढीच राहते आणि गळतीचा प्रवाह मात्र दुप्पट वेळ वाहतो. बचत होते ती दाबही उतरवला तर, किंवा चिप पुरती झोपवली तर. झोपवण्याची व्यवस्था त्याहून सोपी आहे. कर्नल प्रत्येक उपकरणासाठी 'पॉवर' नावाची निर्देशिका ठेवतो, तीत 'कंट्रोल' नावाची फाइल असते. तीत 'ऑन' लिहिले तर उपकरण सदैव जागे. 'ऑटो' ही केवळ परवानगी; ड्रायव्हर ती वापरीलच असे नाही. म्हणून शेजारच्या 'रनटाइम स्टेटस'मध्ये 'सस्पेंडेड' उमटले का, हे पाहावे लागते. (कार्ड झोपले का हे पाहायला दर सेकंदाला एनव्हिडिया-एसएमआय चालवणाराच त्याला जागे ठेवतो. मापनाने प्रणाली ढळते हे पुंजभौतिकीत घोकलेल्यांना हे सांगावे लागू नये.)

न वाचण्याची किंमत इतिहासात नोंदलेली आहे. एनव्हिडियाचे ऑप्टिमस तंत्र लिनक्सवर चालावे म्हणून निघालेल्या 'बम्बलबी' प्रकल्पाच्या स्थापना-स्क्रिप्टमध्ये २०११ साली 'यूएसआर' या शब्दापुढे एक रिकामी जागा चुकून पडली. पुसायची होती आतली एक लहानशी वाट. पुसली गेली अख्खी 'यूएसआर' निर्देशिका. स्क्रिप्ट उघडी होती, एक ओळ वाचणे पुरेसे होते.

दोष सगळा विद्यार्थ्यांचा नाही. एनव्हिडियाने आपल्या ड्रायव्हरचा कर्नलमधील भाग मे २०२२मध्ये खुला केला. तोवर वाचू इच्छिणाऱ्यालाही भिंतच लागत असे. आता ती सबब उरलेली नाही. अभ्यासक्रमात संगणन म्हणजे पायथनचे चार धडे, ही समजूत मात्र शिल्लक आहे.

महासंगणकाकडे गणित सोपवायचे तेही स्क्रिप्टनेच: किती नोड, किती जीपीयू, किती तास. ती ओळही कुणाकडून तरी उचलली जाते. दोन जीपीयू मागितले जातात, कार्यक्रम एकच वापरतो, आणि दुसऱ्यासाठी कुणीतरी रांगेत थांबलेले असते.